कडू जाईस्तोवर

संशोधनासाठी घनश्याम कारेमोरेने सुरुवातीला एकदाच पँट फाडून घेतली, आणि हाती जे काही लागलं ते त्याच एका खेपेला लागलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याच्या ध्यानात यायला पुढची तीन वर्षं गेली.

घनश्याम मूळचा आंधळगावचा. घरी धानाची शेती आणि बाजारात किराण्याचं दुकान. दोन्ही मोठा भाऊ बघायचा. घनश्याम शिकला, भंडाऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा लेक्चरर झाला आणि पंचाहत्तर साली त्याने पीएच.डी.ला नाव नोंदवलं. मुदत पाच वर्षांची. ऐंशीच्या मार्चअखेर प्रबंध दाखल झाला नाही तर नाव रद्द, आणि गाईडसाहेब त्याच जूनमध्ये निवृत्त.

त्या काळात सेंद्रिय रसायनाचा प्राध्यापक म्हटला की त्याने एखादं झाड धरलेलं असायचंच. परदेशातल्यासारखी यंत्रं आपल्याकडे नव्हती, झाडं मात्र होती. कोणी कडुनिंब धरला, कोणी अडुळसा, कोणी बेल. नावाजलेली झाडं आधीच्या लोकांनी अडवून ठेवली होती. घनश्यामच्या वाट्याला गेळ आलं.

गेळ म्हणजे काटेरी झुडूप. लिंबाएवढं पिवळट फळ, जनावरही तोंड लावत नाही. मोहाडीकडचे ढिवर लोक मात्र ते कुटून बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यात टाकतात. पाण्यावर फेस येतो, मासे झिंगून वर येतात, ते हातांनी वेचायचे. फेस आणणारं द्रव्य या फळात असतं हे पुस्तकांत होतंच. घनश्यामचं म्हणणं असं, की आपल्या भागातल्या गेळात त्याखेरीज फेस आणणारं आणखी एक निराळं द्रव्य आहे, जे अजून कोणी शोधलेलं नाही. हे म्हणणं त्याने गाईडसाहेबांना सांगितलं, बायकोला सांगितलं आणि दिवाळीला आंधळगावात गेला तेव्हा भावाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांनाही सांगितलं. तिथंच त्याचं चुकलं. गाईडसाहेब विसरू शकले असते, गिऱ्हाईक विसरत नाही. दर सणाला कोणीतरी गुळाची भेली तोलून घेता घेता विचारायचं, "मंग, निघालं का जी गेळातून काही?"

आणि निघालं होतं. सत्त्याहत्तरच्या जानेवारीत घनश्याम एस.टी.ने मोहाडीला गेला, तिथून चालत तलावाकाठच्या एका गावात गेला आणि स्वतः झुडपात शिरून दोन किलो फळं तोडून आणली. काट्यांनी टेरिकॉटची पँट मांडीपासून पोटरीपर्यंत उघडली. पण फळं वाळवून, कुटून, अल्कोहोलमध्ये उकळून जो अर्क निघाला तो पाण्यात हलवल्याबरोबर परीक्षानळी गळ्यापर्यंत फेसाने भरली. पुढच्या दीड महिन्याच्या खटपटीनंतर बशीच्या तळाशी पांढऱ्या सुया दिसल्या. चाळीस मिलिग्रॅम. त्याने ते बाटलीत भरलं आणि घरी नेऊन बायकोला, चंद्रकलेला दाखवलं.

"एवढंसंच?" ती म्हणाली. ती पँट शिवत होती.

"एवढंसंच असतं."

"मग पुढच्या खेपेला तुमच्या कॉलेजातल्या जागेश्वरभाऊंच्या हाती मागवा. साखरेच्या चार दाण्यांसाठी एकशेदहा टाके घातले मी."

त्या चार दाण्यांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. घनश्यामने ते रजिस्टर पोस्टाने दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. सात महिन्यांनी चिठ्ठी आली: कार्बन इतका टक्के, हायड्रोजन इतका टक्के, तपासणीत नमुना जाळावा लागत असल्याने शिल्लक नाही, रचना कळण्यासाठी यंत्रावर आलेख काढावा लागेल, तरी कृपया शंभर मिलिग्रॅम पाठवावे. आपले विश्वासू.

म्हणजे आता हवे होते शंभर मिलिग्रॅम. याहून जास्त त्याने कधी काही मागितलं नव्हतं.

जागेश्वर हा प्रयोगशाळेतला अटेंडंट. पन्नाशीचा, पानतंबाखूवाला, आणि त्याच तलावाकाठच्या गावचा. त्याची चुलत वहिनी रेवताबाई नवऱ्याबरोबर, तुलारामबरोबर, मासेमारी करायची. तिला निरोप गेला आणि अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत गेळाचं पहिलं पोतं आलं. असा माल घनश्यामने कधी पाहिला नव्हता. फळं सारखी चिरलेली, खडखडीत वाळलेली, एक काटा नाही की मातीचा कण नाही. सोबत पळसाच्या पानांत बांधलेले मासे, सरांच्या घरी म्हणून. चंद्रकलेने त्यांचा रस्सा केला. घनश्यामने दोनदा भात घेतला आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगवहीत लिहिलं: "माल उत्तम. स्वच्छ. कचरा शून्य."

महिनाभराने त्याच पानाखाली लिहिलं: "फेस नाही. स्फटिक शून्य."

एकोणऐंशी साली पुन्हा तेच. उत्तम माल, उत्तम मासे आणि शून्य.

या दोन वर्षांत घनश्यामने कोणाकोणावर संशय घेतला याची यादी त्याच्या वहीत क्रमाने आहे. आधी नळाच्या पाण्यावर. नळ सकाळी दोन तास यायचा आणि अर्क तर दिवसभर उकळत ठेवावा लागायचा, म्हणून वाफ गार करायला उंच स्टुलावर माठ ठेवून रबरी नळीने पाणी सोडावं लागे. मग विजेवर, कारण ती जायची. मग वाफ जिथं थंड व्हायची त्या काचेच्या नळकांड्यावर, ज्याला चीर गेली होती. नवं घ्यायला तीन दुकानांची दरपत्रकं लागत, आणि भंडाऱ्यात असली वस्तू विकणारं दुकान एकही नव्हतं. नागपूरला दोन होती. तिसरं दरपत्रक येईस्तोवर अकरा महिने त्या चिरेला मेण लावून काम चाललं. शेवटी संशय अल्कोहोलवर आला. ते परवान्यावर मिळायचं, कुलपात असायचं आणि कुलपाची दुसरी किल्ली जागेश्वरकडे होती.

घनश्याम रोज सकाळी अल्कोहोलमध्ये तरंगकाटा बुडवून घनता बघू लागला. पाणी मिसळलं असेल तर कळायला हवं. आठवडाभर जागेश्वरने ते गुमान पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "ताप मोजून राहिले का तिचा?"

"सहज बघतो."

"मी दारू पितो, हे खरं आहे जी. पण कॉलेजची नाही पेत. कॉलेजची आनाले रजिस्टरवर सही करा लागते. आमच्याकडची बिनसहीची भेटते."

घनश्यामने तरंगकाटा पुसून ठेवला. संशय गेला तसा आधारही गेला. आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं.

ऐंशीच्या जानेवारीत तिसरं पोतं आलं. शून्य. फेब्रुवारीत गाईडसाहेबांचं पोस्टकार्ड आलं: "मार्च पंधराच्या आत जे असेल ते घेऊन ये." घनश्यामने शेवटचा उपाय म्हणून आणखी एका पोत्याचा निरोप धाडला आणि या खेपेला आणायला स्वतःच निघाला. मनात एक नवा संशय होता. रेवताबाई दुसऱ्याच कुठल्या झाडाची फळं मिसळत असेल. बाईमाणसाला हे तोंडावर कसं विचारायचं याची तो मोहाडीपर्यंत जुळवाजुळव करत राहिला. जागेश्वर बाजूच्या सीटवर झोपला होता.

तलावाच्या पाळीखाली, बांधाला लागून, रेवताबाईचं घर. अंगणात पाच मोठी मडकी ओळीने मांडलेली. घनश्याम खाटेवर बसला, पाणी प्याला, आणि मग त्याची नजर मडक्यांवर गेली. पाचही मडक्यांच्या तोंडावर फेस होता. पांढरा, दाट, चार बोटं वर आलेला फेस. तीन वर्षं त्याने परीक्षानळ्या हलवून हलवून मनगट दुखवून घेतलं होतं, आणि इथं तो फेस कोणी न हलवता उन्हात बसला होता.

"रेवताबाई, हा फेस कशाचा?"

"कायचा मंजे? तुमच्याच गेळाचा, सर. तुमाले आनखी पोतं पायजे ना? भिजू घातले."

"भिजू घातले?"

"तं तसेच देऊ का?" रेवताबाईने जागेश्वरकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाला किती खालून सुरुवात करून सांगायचं, याचा तिला अंदाज येईना. "पयल्या दिवशी चिरून भिजवाचे. सांजेले पानी काढाचं, दुसरं टाकाचं. असे तीन दिवस. मंग एक फोड जिभेवर ठेवून पाहाची. कडू लागली तं आनखी एक दिवस. कडू जाईस्तोवर. मंग वाळवाचे अना पोतं भराचं. तुमच्या पोत्यातली एक फोड कडू निघाली असन तं सांगा."

नाही, एकही निघाली नव्हती. घनश्यामने शपथेवर सांगितलं असतं.

"पण मी गेळ मागितलं होतं," तो म्हणाला. "कडूच पाहिजे होतं मला. कडूच तर—"

"इख आमच्यात कोनाच्या हातात देत नाही, सर." ती शांतपणे म्हणाली. "माह्या सासूच्या सासूपासून. आपल्या हातानं तोडाचं, आपल्या हातानं टाकाचं, ते आपलं काम. दुसऱ्याच्या हातात देलं अना तेनं कोनाले चारलं, तं दोष देनाऱ्याले. द्याचंच असन तं जहर मारून द्याचं. तुमच्या घरी लेकरं असन मनून मी तं एक पानी जादाच देतो."

घनश्याम जागेश्वरकडे वळला. जागेश्वर तंबाखू मळत होता.

"जागेश्वरभाऊ, तुम्हाला हे माहीत होतं?"

"साऱ्याइले माहीत आहे जी."

"मग मला तीन वर्षांत एकदा सांगायचं ना."

"तुम्ही इचारलं कधी? तुम्ही पानी तपासलं, लाइट तपासली, दारू तपासली. मले वाटलं तुमाले धुतलेलंच पायजे. वहीत लिवलं होतं ना तुम्ही, माल उत्तम मनून. मले वाचून दाखवलं होतं. मी वहिनीले सांगतलो, सर खूश आहेत. तवापासून ते आनखीनच घासून धुते."

घनश्यामने मडक्यांकडे पाहिलं. मग त्याला आणखी एक प्रश्न सुचला. तो न सुचता तर बरं झालं असतं.

"आणि हे पाणी? हे फेसाचं पाणी कुठं जातं?"

"कायले फेकाचं?" पाळीवरून जाळं खांद्यावर टाकून तुलाराम आला होता, त्याने उत्तर दिलं. "बोडीत टाकतो. तुमच्या पोत्याच्या दिवसांत मासे लय भेटते, सर. तुमचा वाटा धाडतो ना दरसाल. भेटते का नाही? का जागेश्वर मंधातच खाऊन टाकते?"

"भेटतात," घनश्याम म्हणाला.

तीन वर्षांत त्याच्या प्रयोगवहीत शून्य लिहिलेलं होतं, आणि त्याच तीन वर्षांत त्याच्या घरी रस्सा शिजत होता. त्याने शोधलेलं, अजून कोणालाही माहीत नसलेलं ते द्रव्य मुळी प्रयोगशाळेत आलंच नव्हतं. ते बोडीत गेलं होतं, तिथं त्याने आपलं काम चोख केलं होतं, आणि त्याचं फळ पळसाच्या पानात बांधून सरांच्या घरी पोचतं झालं होतं. रश्श्यावर त्याने दोनदा भात घेतला होता.

"मला न धुतलेली फळं पाहिजेत," तो म्हणाला. "आज."

"मी नाही देत."

"मी तोडतो. तुम्ही देऊ नका."

यावर रेवताबाईने थोडा विचार केला आणि हे तिला पटलं. अडचण एवढीच होती की सरांना पोती लागतात म्हणून तिने जवळपासचं प्रत्येक झुडूप आधीच ओरबाडलं होतं. पाळीच्या पलीकडच्या टोकाला एक उरलं होतं, ते फार काटेरी म्हणून. ती तिथपर्यंत सोबत आली, काठीने झुडूप दाखवलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली, म्हणजे पाहिलंही नाही असं व्हावं. घनश्याम आत शिरला. जागेश्वर बाहेरून सूचना देत राहिला. बाहेर आला तेव्हा पिशवीत सव्वा किलो फळं होती, निम्मी हिरवी, आणि पँटचं जे व्हायचं ते झालं होतं.

मार्चच्या बारा तारखेला स्फटिक पडले. एकवीस मिलिग्रॅम. फेस मात्र नळीच्या गळ्यापर्यंत आला होता, आणि जागेश्वरने ती नळी खिडकीत नेऊन उजेडात धरून पाहिली.

पंधराला घनश्याम नागपुरात गाईडसाहेबांसमोर बसला. साहेबांच्या खोलीत पुस्तकांची खोकी बांधायला सुरुवात झाली होती. त्यांनी बाटली हातात घेऊन तिरपी केली. सुया चमकल्या.

"सुरेख आहेत," ते म्हणाले. "पण एकवीस. शंभर पाहिजेत."

"पुढच्या जानेवारीत होतील, सर."

"पुढच्या जानेवारीत मी पुण्यात असेन." त्यांनी बाटली खाली ठेवली आणि घनश्यामच्या वह्या पुढे ओढल्या. त्यांना त्याचं भलंच करायचं होतं, हे नंतरही घनश्यामने कधी नाकारलं नाही. "तुझ्याकडे तीन वर्षांचं काम आहे. एकसारखं, नीट नोंदलेलं. त्यावर प्रबंध होतो. या भागातल्या गेळात असं द्रव्य आढळत नाही, असा निष्कर्ष काढ. नकारात्मक निष्कर्षही निष्कर्षच. दहा दिवसांत टाइप होईल, मी सही करतो."

"पण ती फळं तीन दिवस पाण्यात भिजवलेली होती."

"ते कोणी सांगितलं?"

"रेवताबाईंनी."

"कोण या?"

घनश्यामने सांगितलं. मडकी, पाणी, जिभेवरची फोड, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"याला संदर्भ काय देणार तू? परीक्षक विचारील की फळं भिजवली का. काय लिहिशील? दुसऱ्याच्या हातात विष देऊ नये म्हणून?" त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "कृतीत एवढंच लिही: फळं वाळवून कुटून घेतली. हे खोटं नाही. कुटलीच होती ना?"

"कुटली होती."

"मग झालं. गेळ कोण बघायला येतंय."

घनश्याम भंडाऱ्याला परतला आणि टाइपरायटरवाल्याकडे गेला. तिथं त्याने मजकूर दिला आणि निष्कर्षाचं पान घेऊन वाचत बसला. मोहाडी परिसरातील गेळफळांत फेसकारक द्रव्य आढळले नाही. वाक्य साधं होतं. हे वाक्य छापील पुस्तकात, कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांखाली कायम राहणार होतं, आणि त्या परिसरात दरवर्षी ढिवर मोहल्ल्याच्या पाच मडक्यांवर चार बोटं फेस येत राहणार होता. आज ना उद्या जागेश्वर विचारणार, सर, काय निघालं शेवटी? आणि त्याला वाचून दाखवावं लागणार. तो वहिनीला सांगणार. ती तुलारामला. मग तुलाराम बोडीच्या काठी उभा राहून, मासे वर येताना बघत, जे हसेल ते हसू घनश्यामला टाइपरायटरवाल्याच्या बाकावर बसल्या बसल्या ऐकू आलं.

सत्यावर त्याची निष्ठा होती की तुलारामच्या हसण्याची भीती, याचा निवाडा करण्यात अर्थ नाही. दोन्ही मिळून त्याने ते पान घडी करून खिशात घातलं.

"टाइप करू की नको?" टाइपरायटरवाल्याने विचारलं.

"नको."

त्याने मुदतवाढीचा अर्ज भरला. "विलंबाचे कारण" या रकान्यात दोन बोटं जागा होती. आधी त्याने सगळं लिहायचं ठरवलं, मग निम्मं, मग एक ओळ. शेवटी लिहिलं: "योग्य कच्चा माल उपलब्ध नव्हता." चार आठवड्यांनी उत्तर आलं की मार्गदर्शक निवृत्त होत असल्याने मुदतवाढ देता येत नाही, उमेदवार नव्या मार्गदर्शकाकडे नव्याने नोंदणी करू शकतो. पाच वर्षं गेली, नवी पाच मिळाली. सदतीस वर्षांचा उमेदवार पुन्हा पहिल्या वर्षात बसला. आंधळगावात त्या दिवाळीला भावाच्या दुकानात तो आतल्या बाजूला, तेलाच्या डब्यांमागे बसला.

"मंग, निघालं का जी गेळातून?"

"निघालं होतं," भाऊच म्हणाला. "पन मासे घेऊन गेले."

एक्याऐंशीच्या जानेवारीत घनश्याम आठ दिवसांची रजा काढून गेला. चंद्रकलेने गोणपाटाची पँट शिवली होती, वर गोणपाटाचेच हातमोजे. त्या वेषात तो पाळीवरून चालला तेव्हा रेवताबाईने तोंडावर पदर घेतला, पण तुलारामने तेवढंही केलं नाही. आठ दिवस ती रोज पाठ करून बसायची, काठीने पुढचं झुडूप दाखवायची, आणि तो तोडायचा. वीस किलो फळं झाली. पोतं त्याने स्वतः भरलं, स्वतः शिवलं, स्वतः उचललं.

"मी काही देलं नाही बरं, सर," निघताना ती म्हणाली.

"नाही, तुम्ही काही दिलं नाही."

मार्चमध्ये स्फटिक पडले. दोनशे दहा मिलिग्रॅम. या वेळी पोस्टावर न सोपवता तो स्वतः घेऊन गेला. तिथल्या माणसाने बाटली ठेवून घेतली, वहीत क्रमांक टाकला आणि सांगितलं की यंत्र बंद आहे, सुटा भाग परदेशातून यायचा आहे, सहा महिने धरा.

घरी आला तेव्हा चंद्रकला जेवायला वाढत होती. भात, वरण, वांग्याची भाजी.

"यंदा रेवताबाईंचे मासे नाही आले," ती म्हणाली. "तुम्ही काही बोललात का त्यांना?"

"नाही," घनश्याम म्हणाला आणि वरण ओतून घेतलं. "यंदा धुवायला काही ठेवलंच नाही मी."